दोन ओळंबे

माझ्या स्वयंपाकघराच्या दाराजवळ दोन खिळ्यांना दोन ओळंबे टांगलेले आहेत. एक पितळी, गाजरासारखा निमुळता, खाली पोलादी टोक असलेला. दुसरा लोखंडी, बुटका, गोल. त्याच्या दोरीत काडेपेटीएवढा लाकडी ठोकळा ओवलेला. पहिला पॉपॉंचा. दुसरा आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. दोघेही आता नाहीत. एक लुइझियानातल्या पाइनच्या जंगलातून लाकडाचे ट्रक हाकण्यात म्हातारा झाला, दुसरा लातूर जिल्ह्यातल्या काळ्या मातीत दगडी भिंती रचण्यात. दोघांची कधी भेट झाली नाही. एकाची भाषा दुसऱ्याला आली नसती. तरी पॉपॉंचं माझ्यावरचं जे ऋण आहे, ते आप्पांवाचून मला सांगताच येत नाही.

दक्षिण लुइझियानात नातवंडं आजोबांना पॉपॉ म्हणतात. आमच्या शेजारच्या घरी नातवंडं दर रविवारी यायची आणि त्यांच्या हाकेवरून माझा मुलगाही त्यांना पॉपॉ म्हणू लागला. मग मीही. त्यांचं खरं नाव टपालपेटीवर होतं, पण ते आमच्या तोंडी कधी बसलंच नाही.

आप्पा गवंडी होते. आमच्या भागातली जुनी घरं काळ्या दगडांची, दोन-अडीच हात रुंद भिंतींची, दगडांमध्ये चिखल भरून बांधलेली. वर खणांचं माळवद, आणि माळवदावर वर्षानुवर्षं चढवत नेलेली माती. उन्हाळ्यात असं घर गारेगार राहतं. भिंत ओळंब्यात असली की आप्पांचा चेहरा खुलायचा. ठोकळा भिंतीला टेकवायचा, दोरी सोडायची, गोळा हलायचा थांबेपर्यंत श्वाससुद्धा न घेता बघत राहायचं. ठोकळ्याची रुंदी आणि गोळ्याची रुंदी सारखीच असते. वर ठोकळा भिंतीला टेकलेला असताना खाली गोळा भिंतीला नुसता शिवला, तर भिंत उभ्याला उभी. गोळा दूर राहिला तर भिंत पुढं कललेली, अंगावर टेकून पडला तर मागं. लहानपणी मला वाटायचं, या गोळ्याला जमिनीखालचं काहीतरी दिसतं.

३० सप्टेंबर १९९३ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. मी बारा वर्षांची होते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जन करून माणसं दमून घराघरात गाढ झोपलेली. ६.२ रिश्टरचा धक्का, आणि सुमारे दहा हजार माणसं गेली. आमचं घर पडलं, पण आम्ही अंगणात झोपलो होतो. ज्या घरांखाली माणसं दबली त्यांतली बरीच आप्पांनी बांधलेली होती. मी हे ऐकून सांगत नाही. तीन दिवस आप्पा लोकांसोबत दगड उपसत होते आणि प्रत्येक दगड त्यांच्या ओळखीचा होता.

पुढं ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. नव्या घरांना भूकंपरोधक पट्टे आले, गवंड्यांना नवं काम शिकवायचे वर्ग निघाले. आप्पा गेले नाहीत. त्यांनी ओळंबा एका पत्र्याच्या डब्यात ठेवला आणि शेतमजुरी धरली. कुणी बोलावलं तर एवढंच म्हणायचे, “माझा हात आता बांधायचा न्हाई.” मी त्यांना कधी विचारलं नाही, कारण उत्तर मला माहीत होतं असं मला वाटायचं. भिंत चुकली आणि चूक त्यांची होती, असं त्यांनी स्वतःला ठरवून सांगितलं होतं. आणि खरं सांगते, माझ्याही मनाच्या कोपऱ्यात कुठंतरी तेच होतं.

पदार्थविज्ञान घेऊन मी बी. एस्सी. केलं, लग्न झालं, आणि २००९मध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळे बॅटन रूजच्या पूर्वेला लिव्हिंग्स्टन परगण्यात राहायला आले. व्हिसा असा होता की मला नोकरी करता येत नव्हती. घराला भिंती म्हणजे लाकडी चौकटीवर ठोकलेले शीटरॉकचे, म्हणजे जिप्समचे तक्ते. टिचकी मारली की पोकळ वाजायचे. पहिले कित्येक महिने मला त्या घरात झोप लागत नसे. रात्री मालगाडी गेली की काच किणकिणायची आणि मी उठून मुलाच्या पाळण्यापाशी जाऊन उभी राहायची.

त्याच परगण्यात लायगो आहे, गुरुत्वाकर्षणाच्या लाटा टिपणारी वेधशाळा. पाइनच्या रानात काटकोनात निघालेले चार-चार किलोमीटरचे दोन बाहू, त्यांत सव्वा मीटर व्यासाच्या निर्वात नळ्या, टोकांना आरसे. दोन्ही बाहूंमधून लेसर जातो, आरशांवरून परततो, आणि दोन प्रकाशांची गाठ पडते तिथे कुठला बाहू केसभर लांब किंवा आखूड झाला ते कळतं. केसभर हा शब्द इथं फारच ढोबळ आहे. ते पुढं येईलच. तिथल्या विज्ञानकेंद्रात एका शनिवारी मी मुलाला घेऊन गेले. दारातच शंभरावर लंबकांची भिंत, वाऱ्याने लाटेसारखी हलणारी. मी तिथेच अडकले. पुढच्या महिन्यापासून शाळेच्या मुलांना लाटा समजावून सांगणारी स्वयंसेवक म्हणून जाऊ लागले.

नियंत्रणकक्षातल्या पडद्यांवर जमिनीच्या कंपनांच्या रेघा सतत सरकत असतात. एकदा मी विचारलं, आज भूकंप झालाय का? तिथली मुलगी हसली नाही. तिने शांतपणे एकेक रेघ दाखवली. ही मेक्सिकोच्या आखातातल्या लाटांची, समुद्र किनाऱ्याला धडकतो त्याची धडधड शंभर किलोमीटर आतपर्यंत येते. ही महामार्गाची. ही मालगाडीची. आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला मोठा भूकंप झाला की यंत्राची पकड सुटते, जमीन निवेपर्यंत तासन् तास थांबावं लागतं. जमीन कधीच स्थिर नसते, ती म्हणाली. मी घरी येऊन खूप रडले. पण त्या रात्री झोपले. बारा वर्षांची असल्यापासून ज्या थरथरीला मी एकटीच कान लावून बसले होते, ती तिथं सगळ्यांसमोर पडद्यावर होती. तिला आकडे होते.

हे पॉपॉंना सांगितलं, तर ते म्हणाले, “त्यातली एक रेघ माझी होती.” ते खरंच होतं. लायगोच्या आजूबाजूला लाकूडतोड चाले. सुरुवातीच्या वर्षांत कामाच्या दिवशी दिवसा झाडं पडू लागली, अवजड गाड्या फिरू लागल्या की लिव्हिंग्स्टनचं यंत्र पकडीत राहतच नसे. रात्रीची वाट पाहावी लागे. मग २००४च्या सुमाराला जमिनीचं हलणं ओळखून त्याच्या उलट दाब देणारी हायड्रॉलिक व्यवस्था आली, आणि दिवसाही काम होऊ लागलं. तीसेक वर्षं पॉपॉंनी त्याच रानातून लॉबलॉली पाइनचे ओंडके वाहिले होते. ते सांगताना त्यांच्या आवाजात अपराधीपणा नव्हता की बढाईही नव्हती. “त्यांनी आम्हाला थांबा म्हटलं नाही,” ते म्हणाले, “त्यांनी यंत्र सुधारलं.”

१४ सप्टेंबर २०१५ला पहाटे ४ वाजून ५० मिनिटांनी लिव्हिंग्स्टनच्या आरशांना एक लाट लागली, आणि सुमारे सात हजारांश सेकंदांनी तीन हजार किलोमीटरवरच्या हॅनफर्डच्या जुळ्या यंत्राला. त्या वेळी मी झोपेत असणार. एकशेतीस कोटी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं, एक ३६ सूर्यांच्या वजनाचं आणि एक २९, एकमेकांभोवती गरगरत एक झाली. उरलं ६२ सूर्यांचं एक. मधले तीन सूर्य सेकंदाच्या अंशात ऊर्जा होऊन अवकाशाच्या लाटांमध्ये गेले. त्या क्षणी साऱ्या दृश्य विश्वातल्या ताऱ्यांच्या प्रकाशाहून ती शक्ती मोठी होती. आणि इथं पोचेतो चार किलोमीटरच्या बाहूत फरक पडला तो प्रोटॉनच्या काहीशेव्या हिश्श्याएवढा. ती लाट माझ्यातून गेली, पॉपॉंच्या घरातून गेली, लातूरला दुपारी शेताच्या बांधावर बसलेल्या आप्पांमधूनही गेली. पत्र्याच्या डब्यातल्या ओळंब्यालाही तिने शिवलं असणार.

११ फेब्रुवारी २०१६ला बातमी जाहीर झाली. शोधनिबंधावर हजारावर नावं होती. जत्रेच्या गलक्यात आई आपल्या लेकराचा आवाज बरोबर हेरते, तसा आधीच गणिताने काढलेला आकार गोंगाटावर ठेवून जुळतोय का ते बघायचं, ही या शोधातली मोठी किल्ली. तिच्यावर पुण्याच्या आयुका या संशोधनसंस्थेत संजीव धुरंधर यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून काम केलं, आणि १९९१मध्ये सत्यप्रकाश यांच्यासोबतचा त्यांचा निबंध याच विषयावरचा आहे. बातमीनंतर सहाच दिवसांत भारतातल्या लायगोला तत्त्वतः मंजुरी मिळाली. त्यासाठी पुढं जी जागा ठरली ती हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ. माझ्या मराठवाड्यात.

पण पॉपॉंचं ऋण यातलं नाही. ते पुरातलं आहे.

२०१६च्या ऑगस्टमध्ये आमच्यावर दोन-तीन दिवस सलग पाऊस कोसळला. परगण्यात वॉटसनला तीस इंचांवर नोंद झाली. अमीट नदी डेनहॅम स्प्रिंग्जला ४६ फुटांवर चढली; आधीचा उच्चांक साडेएकेचाळीसचा होता. मुळात गुरुत्वाकर्षण पाण्याला पळवतं ते उतारावर, आणि आमच्याकडे उतारच नाही. पाणी येतं आणि बसून राहतं, ओढ्या-ओहोळांतून उलटं मागं सरकतं. शनिवारी १३ तारखेला सकाळी मी उठले तेव्हा गालिचा पायाखाली पचपचला. नवरा कारखान्यात रात्रपाळीला अडकलेला, महामार्ग बंद. तासाभरात पाणी मुलाच्या कमरेला लागलं. मी त्याला ओट्यावर बसवलं आणि स्वतः भिंतीला हात लावून उभी राहिले. भिंत पडेल की काय, एवढंच मला कळत होतं. वरचं माळवद खाली येईल. घरावर माळवद नव्हतंच, पण त्या क्षणी ते होतं.

पॉपॉ आपली सपाट तळाची ॲल्युमिनियमची बोट घेऊन खिडकीशी आले. इंजिन बंद करून लांब बांबूने ढकलत आले होते, कारण पाण्याखाली कुंपणं होती. त्यांनी मला “घाबरू नकोस” म्हटलं नाही. म्हणाले, “भिंत टिकेल. मुलाला दे.” मी दिलं. सत्तरीचा माणूस, हात थरथरत होते, पण माझ्या पोराभोवती ते घट्ट बसले ते अजून डोळ्यांसमोर आहेत. त्यांचं घर टेकाडावर, तीनेक फूट उंच. त्या तीन फुटांनी त्यांचं घर वाचलं. आम्ही तिघं तिथं अकरा आठवडे राहिलो. त्यांची बायको, आमची मॉमॉ, रोज सकाळी माझ्यासाठी वेगळा भात लावायची, कारण त्यांच्या भातात डुकराचं सॉसेज असे. भाड्याचा विषय मी दोनदा काढला. दुसऱ्यांदा पॉपॉ उठून बाहेर निघून गेले.

पाणी ओसरल्यावर घर उसवायचं होतं. शीटरॉक चार फुटांपर्यंत कापून काढला, आतली ओली कापसासारखी भरणी उपसली, चौकटी वाळवल्या. गल्लीभर प्रत्येक घरापुढं ढिगारे. ढिगारे बघून मला मळमळायचं. मी काम सोडून मागच्या अंगणात जाऊन उभी राहायची. एक दिवस पॉपॉ माझ्यामागं आले आणि विचारलं, “तुझ्या देशात काय झालं होतं?” सात वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. आप्पांचा ओळंबा, पत्र्याचा डबा, सगळं.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग शिडी आणायला सांगितली आणि मला माळ्यावर चढवलं. टॉर्चच्या उजेडात छपराच्या वाशांना भिंतीच्या चौकटीशी जखडणाऱ्या लोखंडी पट्ट्या दाखवल्या. चक्रीवादळासाठी असतात या, म्हणाले. मग खाली आणून खिशातून पितळी ओळंबा काढला, दाराच्या चौकटीवर खिळा मारून सोडला. “हा रोजसाठी,” ते म्हणाले. “वजन सरळ खाली जाऊ दे, एवढंच याला कळतं. पट्टी त्या एका दिवसासाठी, जेव्हा घराला आडवं ओढलं जातं. हा त्या दिवसाबद्दल काही सांगू शकत नाही. तुझ्या बापाची भिंत ओळंब्यात होती ना?”

होती, मी म्हणाले.

“मग त्याने खोटं काम केलं नाही. त्याला पट्टी कुणी दिलीच नव्हती.”

मी पदार्थविज्ञानाची पदवीधर. गुरुत्वाकर्षण उभं ओढतं आणि भूकंपाची लाट जमिनीला आडवी हिसडते, हे मला पुस्तकात ठाऊक होतं. जड माती डोक्यावर घेतलेली, आत एकमेकांत न गुंतलेल्या दगडांची रुंद भिंत आडव्या धक्क्याने पोटातून फुटते, तिला आरपार दगड आणि पट्टा लागतो, हेही नंतर वाचलं होतं. पण ते ज्ञान आणि आप्पांचा बंद डबा, यांची भेट माझ्या डोक्यात तेवीस वर्षांत घडली नव्हती. ती एका ट्रकचालकाने घडवली, दाराच्या उघड्या चौकटीत.

२०१७च्या डिसेंबरात मी गावी गेले. मुलाला सोबत नेलं. आप्पा ओसरीवर बसले होते. मी डबा मागितला. त्यांनी नको म्हटलं नाही, नुसतं बोट दाखवलं. दोरी कुजली होती; मुलाने नवी सुतळी बांधली. मी आप्पांना म्हटलं, “दोरी धरा आणि हात भराभरा डावी-उजवीकडे हलवा.” त्यांनी हलवला. हात थरथरतोय आणि खाली गोळा जवळजवळ जागच्या जागी. त्यांनी पुन्हा हलवला, जोरात. गोळा तिथंच. आयुष्यभर ओळंबा वापरलेल्या माणसाने ओळंब्याचा हा गुण पहिल्यांदा पाहिला, कारण गवंडी हात हलू देत नाही.

मग मी त्यांना लायगो सांगितलं. चाळीस किलोचा आरसा असाच टांगलाय, एकाखाली एक अशा चार लंबकांच्या टोकाला, शेवटी अर्ध्या मिलीमीटरहूनही बारीक काचेच्या धाग्यांवर. जमीन वर थरथरते, प्रत्येक लंबक ती थरथर कमी करत नेतो, खाली आरसा स्थिर. आणि त्या नळ्या बांधताना जमिनीची गोलाई चार किलोमीटरांत मीटरभराहून जास्त भरली, ती हिशेबात धरावी लागली. दोन टोकांना दोन ओळंबे सोडले तर ते एकमेकांना समांतर नसतात. प्रत्येकजण पृथ्वीच्या पोटाकडे बघतो.

आप्पा म्हणाले, “म्हंजे चार किलोमीटरची भिंत बांधली तर दोन्ही टोकं सरळ, आन् तरी भिंत वाकडी?”

हो, मी म्हटलं. आणि मग पॉपॉंचं वाक्य सांगितलं. पट्टीचं. जसंच्या तसं, मराठीत.

त्यांनी काही उत्तर दिलं नाही. संध्याकाळी जेवताना मध्येच विचारलं, “औंढ्याला ते बांधणारेत म्हणतीस. तिथं गवंडी कोण?” मला माहीत नव्हतं. प्रकल्पाला पुरा पैसा मंजूर झाला तो पुढं २०२३च्या एप्रिलमध्ये, २६०० कोटी. ते पाहायला आप्पा राहिले नाहीत. पण त्या रात्री त्यांनी नातवाला अंगणात नेलं आणि अंधारात, कंदिलाच्या उजेडात, गोठ्याच्या भिंतीला ओळंबा लावून दाखवला. चोवीस वर्षांनी. मी ओसरीच्या खांबाआडून बघत होते. ठोकळा धरलेला हात म्हातारा झाला होता, पण श्वास तसाच रोखलेला.

निघताना त्यांनी ओळंबा माझ्या पिशवीत टाकला. “त्या बाबाला दे,” म्हणाले. “माझ्याकडून.”

पॉपॉंनी तो दोन्ही हातांत घेतला. त्यांच्या ओळंब्याला टोक असतं, जमिनीवरचा बिंदू दाखवण्यासाठी. हा ठोकळा कशाला ते त्यांना उमगेना. मी दाखवलं. ठोकळा भिंतीला, गोळा खाली. त्यांनी चष्मा लावला, आम्ही दोघांनी पुरानंतर बसवलेल्या स्वयंपाकघराच्या दाराशी गेले, आप्पांचा ठोकळा चौकटीला टेकवला आणि दोरी सोडली. गोळा हलायचा थांबेपर्यंत खाली वाकून बघत राहिले. चौकट आणि गोळा यांच्यामध्ये सुतळीएवढी फट होती.

“तुझा बाप बरोबर आहे,” ते म्हणाले. “पाचर आण आणि हातोडी.”